चार जणांत एक माग : विणकामाचा ‘डोस’ किती आणि कसा?

साठीच्या आसपासचे रुग्ण तपासून झालं की उठता उठता हमखास एक प्रश्न विचारतात, “डॉक्टर, स्मरणशक्तीसाठी एखादी चांगली गोळी असेल तर लिहून द्या ना.” रक्तदाब, साखर, थायरॉईड, बी-१२ हे सगळं पाहून झालेलं असतं आणि त्यात फारसं काही सापडलेलं नसतं. मग मी विचारतो, “दिवसभर काय करता?” उत्तर ठरलेलं असतं : टीव्ही, मोबाईल, सकाळचं फिरणं. पुढचा प्रश्न असतो, “कोणाबरोबर?” यावर बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

अलीकडे मात्र या दुसऱ्या प्रश्नाला चटकन उत्तर देणारे काही रुग्ण मला भेटू लागले आहेत. ते हातमागावर विणतात, आणि तेही गटाने. आमच्या भागातल्या आठ-दहा जणांनी हा उद्योग सुरू केला आहे. बहुतेक पन्नाशी-साठीच्या स्त्रिया, दोन-तीन निवृत्त पुरुष. टेबलावर मावणारे दोन छोटे माग आणि पायाने चालवायचा एक मोठा माग. दर शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये भेटायचं.

त्यांची पद्धत मला फार आवडली. मोठ्या मागावर आठ-नऊ मीटरचा एकच ताणा चढवतात. ताणा म्हणजे उभे धागे. हे काम एकट्याचं नाही. एकाने धागे ताणून धरायचे, दुसऱ्याने गुंडाळायचे, तिसऱ्याने मोजायचे. मग त्याच ताण्यावर प्रत्येकाने पाळीपाळीने आपापला बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून एकेक नॅपकिन विणायचा. कोणी पट्टे घालतं, कोणी चौकडी, कोणी साधंच ठेवतं. ताणा संपला की कापड मागावरून उतरवून नॅपकिन कापायचे आणि आपसांत बदलून घ्यायचे. म्हणजे घरी जो नॅपकिन येतो तो दुसऱ्या कुणीतरी विणलेला असतो.

“डॉक्टर, हे आरोग्याला चांगलं असतं का हो?” असं या मंडळींनी मला विचारलं. त्याचं उत्तर देण्यासाठी हा लेख. माझं मत आधीच सांगतो : होय, चांगलं असतं. पण लोकांना वाटतं त्या कारणासाठी नाही, आणि वाटेल तेवढ्या प्रमाणात नाही.

मागावर बसल्यावर शरीरात काय घडतं?

विणताना धोटा एका हाताने सोडायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा. मग फणीने धागा ठोकायचा. पायाने चालवायचा माग असेल तर कोणत्या क्रमाने कोणती पट्टी दाबायची ते लक्षात ठेवायचं. दोन्ही हात, दोन्ही पाय, डोळे आणि मनातली मोजणी हे सगळं एकाच वेळी चालू असतं. मेंदूचे हालचाल ठरवणारे, लक्ष एकवटणारे आणि तात्पुरती माहिती धरून ठेवणारे भाग एकत्र काम करतात.

त्यात चूक लगेच दिसते. एक धागा चुकला की नक्षी बिघडते. मग मागे जायचं, उसवायचं, पुन्हा विणायचं. चूक शोधून दुरुस्त करणं हा मेंदूसाठी चांगला व्यायाम आहे. मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ पाहताना तो घडत नाही, कारण तिथे आपल्याला काही करायचंच नसतं. शिवाय तीच तीच लयबद्ध हालचाल बऱ्याच लोकांचं मन शांत करते. जप करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुरावा काय सांगतो, आणि काय सांगत नाही?

मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१५ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८५ वर्षे आणि त्यापुढच्या २५६ व्यक्तींवर त्यांनी सरासरी चार वर्षं लक्ष ठेवलं. शिवणकाम, सुतारकाम, मातीकाम अशी हस्तकला मध्यमवयात आणि म्हातारपणीही करणाऱ्यांमध्ये स्मरणशक्ती व विचारशक्तीत सौम्य बिघाड होण्याचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. मित्रमंडळींत मिसळणाऱ्यांमध्ये ते ५५ टक्क्यांनी कमी होतं.

आकडे छान आहेत, पण घाई नको. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांचा मेंदू, डोळे, बोटं आणि परिस्थिती मुळातच चांगली, तेच हस्तकला करू शकतात, असंही असू शकतं. म्हणजे हस्तकलेमुळे मेंदू चांगला राहिला, की मेंदू चांगला म्हणून हस्तकला जमली, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. म्हणून “विणा आणि डिमेन्शिया टाळा” असं कोणी सांगत असेल तर ते विज्ञानाच्या पुढे धावणं आहे.

एकटेपणाबद्दलचा पुरावा मात्र बराच भक्कम आहे. २०१० साली १४८ अभ्यासांचा आणि तीन लाखांहून अधिक लोकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, ते अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा भेडसावतो, आणि दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, नैराश्य, व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर सामाजिक एकाकीपणाही आहे.

म्हणून या गटाचा खरा फायदा मला धाग्यापेक्षा माणसांत दिसतो.

कोणीतरी आपली वाट पाहत असणं

माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ येतात. पत्नी गेल्यानंतरच्या वर्षात ते दर दोन आठवड्यांनी यायचे. कधी छातीत जड वाटतंय, कधी झोप नाही, कधी नुसतंच “बरं वाटत नाही.” ईसीजी नीट, इको नीट, रक्ततपासणी नीट. प्रत्येक वेळी झोपेच्या गोळीची मागणी. समुपदेशन सुचवलं तर ते हसून टाळायचे. शेजारणीने त्यांना एका शनिवारी हॉलवर नेलं, तेही “जरा सामान उचलायला मदत करा” म्हणून.

ते आजही विणत नाहीत. त्यांना त्याची आवड नाही. ते कांड्या भरतात. बाण्याचा धागा कांडीवर गुंडाळून धोट्यात बसवावा लागतो, कांडी संपली की माग थांबतो. आता शुक्रवारी संध्याकाळी कांड्या भरून ठेवणं हे त्यांचं काम आहे. ते नाही गेले तर दोघी-तिघी खोळंबतात आणि फोन येतो, “काका, आज कुठे आहात?”

त्यांची रक्तदाबाची गोळी जशीच्या तशी आहे, मी ती कमी केलेली नाही. पत्नी गेल्याचं दुःख कमी झालं असंही मी म्हणणार नाही. पण झोपेच्या गोळीची मागणी थांबली, आणि आता ते दर दोन आठवड्यांऐवजी ठरलेल्या तारखेला, तीन महिन्यांनी येतात.

आपण वयस्कर माणसांना सतत सांगतो, “तुम्ही आता आराम करा.” त्यात प्रेम असतं, पण त्याचा दुसरा अर्थ “तुमच्यावाचून काही अडत नाही” असा होतो. आपल्यावाचून काहीतरी अडतं, ही जाणीव माणसाला सकाळी उठायला, दाढी करायला, चष्मा शोधायला भाग पाडते. एकाच ताण्यावर सगळ्यांचं काम अवलंबून असतं, म्हणून विणकामाच्या गटात ती आपोआप मिळते.

काही सहकारी डॉक्टर म्हणतात, “भजनी मंडळ आहे, हास्यक्लब आहे, भिशी आहे. त्यात हे विणकाम कशाला?” ज्यांना तिथे रमता येतं त्यांनी जरूर जावं. पण सगळ्यांना तिथे रमता येत नाही. कमी ऐकू येणाऱ्यांना गप्पांच्या घोळक्यात फार त्रास होतो. अर्धं वाक्य निसटतं, हसायचं कशाला ते कळत नाही, मग ते हळूहळू जाणंच सोडतात. नुकताच जोडीदार गमावलेल्या माणसाला समोरासमोर बसून बोलणं जड जातं. मागाशी शेजारी शेजारी बसायचं असतं, नजर कापडावर असते. बोललात तर बोललात, नाही तर नाही. आपल्याकडे वाकळ किंवा गोधडी शिवायला बायका दुपारी एकत्र बसायच्या, तेव्हा मनातलं बरंच काही टाके घालता घालताच बोललं जायचं.

ही कल्पना नवी नाही

हाताच्या कामाचा उपचारात वापर करणाऱ्या शास्त्राला ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार म्हणतात. अमेरिकेत १९१७ साली त्याची पहिली संघटना स्थापन झाली. त्या सुरुवातीच्या काळात मनोरुग्णांसाठी आणि पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी विणकाम, टोपल्या करणं, सुतारकाम यांचा भरपूर वापर झाला. मागाचा फायदा असा की हात किती उचलायचा, पाय किती दाबायचा हे कामातूनच ठरतं आणि थोडं थोडं वाढवता येतं.

भारतात याचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झालेल्या. आज पक्षाघातानंतर किंवा हाताच्या शस्त्रक्रियेनंतर व्यवसायोपचारतज्ज्ञ मदत करतात, त्याची आपल्याकडची सुरुवात तिथे आहे. वरोऱ्याच्या आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले लोक मागावर काम करतात. तिथे मागाने हाताला व्यायाम दिलाच, पण समाजाने नाकारलेल्या माणसाला स्वतःच्या कमाईचा मानही दिला.

तोच माग, दुसरी बाजू

आता जे सांगतो ते या गटातल्या मंडळींना मी थोडं आग्रहाने सांगितलं.

इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या पुढच्या आवृत्तीत विणकरांवरही प्रकरण आहे. रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर “तुम्ही काम काय करता?” हेही विचारा, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. तो प्रश्न आजही आम्ही विसरतो.

२०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक हातमागावर आणि त्याच्या जोडकामांवर अवलंबून आहेत. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. येवल्याची पैठणी विणणारा कारागीर दिवसभर वाकून बारीक नक्षीवर नजर लावून बसतो, आणि भारी पैठणीला महिनोन् महिने लागतात. मान, कंबर, खांदे, मनगट, डोळे या सगळ्यांवर त्याचा ताण येतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये तर शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानांना घातक आहे असं समजावं. वर्षानुवर्षं असं काम केल्यावर येणारा बहिरेपणा परत भरून येत नाही.

आमच्या गटाला शिकवायला येतात ते सोलापूरकडचे एक जुने विणकर. आधी हातमाग, मग यंत्रमाग, अशी चाळीसेक वर्षं त्यांनी काढली. त्यांना उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नाही, आणि जिना चढताना दर पायरीला ते कठडा धरतात. जी हालचाल गटाला आठवड्यातून दोन तास आनंद देते, त्याच हालचालीने त्यांचं शरीर झिजवलं. फरक आहे तो किती वेळ, किती घाईत आणि थांबण्याची मुभा आहे की नाही याचा. औषधाचंही असंच असतं, मात्रा बदलली की परिणाम बदलतो.

वर्षाच्या शेवटी या गुरुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा असं गटाने ठरवलं होतं. मी म्हटलं, सत्कार करा, पण शालीने गुडघ्याचा एक्स-रे निघत नाही. दर शनिवारचं ठरलेलं मानधन द्या आणि त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. दोन्ही गोष्टी झाल्या. हा आरोग्याच्या लेखाचा विषय नाही असं कोणाला वाटेल. मला तसं वाटत नाही. आपल्या तब्येतीसाठी आपण ज्याची विद्या घेतो, त्याच्या तब्येतीचा हिशेब त्यातून वगळता येत नाही.

मग डोस किती?

छंद म्हणून विणणाऱ्यांनी एवढं पाळावं :

• सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये. उठावं, चार पावलं चालावं, खांदे फिरवावेत, लांबवर पाहावं. गटात हे सोपं जातं, पाळी बदलायची वेळच तेवढी ठेवावी.

• बैठकीची उंची अशी असावी की कोपर साधारण कापडाच्या पातळीला येईल. मान खाली घालून विणावं लागत असेल तर बैठक किंवा माग यांची उंची बदला.

• उजेड भरपूर आणि बाजूने येणारा हवा. बायफोकल चष्म्यातून पाहण्यासाठी मान वर-खाली करावी लागते, त्याने मान दुखते. मागाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा लागेल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया टाळत बसू नका.

• मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असलेल्यांना मनगटातली नस दबणं, बोट अडकणं हे त्रास अधिक होतात. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर विणणं थांबवून दाखवून घ्या.

• पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी अनवाणी पायाने पट्ट्या दाबू नयेत. घरी गेल्यावर तळवे तपासावेत.

• सूत घरीच रंगवत असाल तर रंगाची पूड उडू देऊ नका. काही कृत्रिम रंगांच्या पुडीने दमा उद्भवू शकतो. मास्क वापरा, खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाची भांडी रंगासाठी वापरू नका.

• पक्षाघात, हाताची शस्त्रक्रिया, नुकतंच झालेलं फ्रॅक्चर असेल तर सुरुवात व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने करा.

आणि एक लक्षात ठेवा, चालणं बंद करून विणकाम नको. माग बसून चालतो. हृदयासाठी आणि साखरेसाठी रोजचं चालणं लागतंच.

हे औषधाच्या जागी नाही

विणकाम सुरू केलं म्हणून रक्तदाबाची किंवा नैराश्याची गोळी स्वतःहून बंद करू नका. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी मदत घ्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. “चार लोकांत मिसळा, बरं वाटेल” एवढंच सांगून अशा माणसाला परत पाठवणं धोक्याचं आहे. त्याला चार लोकांत मिसळण्याचीच ताकद उरलेली नसते.

तसंच, नेहमी नीट विणणारी व्यक्ती अचानक साध्या नक्षीत वारंवार चुकू लागली, एक हात मंद पडला किंवा थरथरू लागला, तर त्याला “वय झालं” म्हणू नका. गटातल्या लोकांना असे बदल घरच्यांच्याही आधी दिसू शकतात. ती माहिती घरच्यांपर्यंत पोचवा.

आम्ही डॉक्टरांनी काय करावं?

“काम काय करता?” याच्या जोडीला “कोणाबरोबर काय करता?” हा प्रश्न केसपेपरवर असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला अर्धा मिनिट लागतो. इंग्लंडमध्ये डॉक्टर रुग्णाला बागकाम, गायन, हस्तकला अशा स्थानिक गटांकडे पाठवू शकतात, आणि त्यासाठी तिथल्या आरोग्यसेवेने माणसं नेमली आहेत. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही, पण आपल्या भागात कोणते गट कुठे भेटतात याची एक यादी दवाखान्यात लावायला यंत्रणा लागत नाही. माझ्या दवाखान्यात ती वजनकाट्याच्या वर लावलेली आहे.

तुमच्या भागात विणकामाचा गट नसेल तर मोठ्या मागाची वाट पाहू नका. लाकडाच्या चार पट्ट्यांची चौकट, दोन बाजूंना खिळे, त्यावर जाड सुताचा ताणा आणि बाण्याला जुन्या साडीच्या पट्ट्या, एवढ्यात बसायची सतरंजी होते. साड्या प्रत्येक घरी आहेत. फक्त ती एकट्याने विणू नका. शेजारच्या दोन-तीन घरांतून एकेक जुनी साडी मागून आणा, आणि साडी देणाऱ्यालाच पहिल्या चार ओळी विणायला बसवा.